गाण्याचे पैसे, गाण्याचे हक्क आणि फुकट डाउनलोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनी मंडळं, शाहीर, बँडमधले गायक, कॉलेजची मुलं असे सगळे इथे गाणं करायला येतात. रेकॉर्डिंग आटोपून चहा येईपर्यंत जे प्रश्न निघतात, तेच इथे घेतले आहेत. मी वकील नाही. तीस वर्षं गाणी रेकॉर्ड करतोय, स्वतः चाली लावतो, आणि १९५७ चा कॉपीराइट कायदा गरज पडली तसा वाचत आलोय. करारात मोठी रक्कम असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवाच.

गाण्याचा मालक कोण? लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा की कंपनी?

समजा तुम्ही एक नवी गवळण केलीत. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क शब्दांवर. चाल लावणाऱ्याचा हक्क चालीवर. आणि स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन भरून ती रेकॉर्ड करून घेणारा, म्हणजे निर्माता, तो त्या रेकॉर्डिंगचा मालक. एका गाण्यात असे तीन वेगवेगळे कॉपीराइट असतात. शिवाय गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क असतो, तो चौथा. तो सादरीकरणापासून पन्नास वर्षं टिकतो.

लोक हे चारही हक्क एकच समजतात आणि बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात. “गाणं माझं आहे” असं चौघेही म्हणतात आणि चौघांचंही खरं असतं, फक्त प्रत्येकाचं ‘माझं’ निराळं असतं.

नोटेशन येत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांसाठी एक सांगतो. चाल कागदावर स्वरलिपीत उतरवलेली नसली तरी ती लावणारा कायद्याने संगीतकारच. आमच्याकडे एक आजोबा यायचे. चाल मोबाइलवर गुणगुणून ठेवायचे, मागे म्हशीचं हंबरणंही यायचं त्यात. ती तारखेसकट जपलेली फाइल हा त्यांच्या चालीचा चांगला पुरावा आहे.

अभंग, आरत्या तर सगळ्यांच्या. मग आमच्या मंडळाच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओवर क्लेम, म्हणजे दुसऱ्याचा हक्काचा दावा, का आला?

तुकोबांचे अभंग, समर्थांची आरती यांवर कुणाचाही कॉपीराइट नाही. पण एखाद्या संगीतकाराने त्या अभंगाला लावलेली चाल त्याची असते आणि एखाद्या कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं. तुम्ही अभंग घेतलात, पण चाल मात्र प्रसिद्ध रेकॉर्डमधली घेतलीत, तर क्लेम रास्त असू शकतो.

परंपरेने चालत आलेली चाल स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या पेटी-तबल्यावर गायलात आणि तरी क्लेम आला, तर तो यंत्राने लावलेला असण्याची शक्यता मोठी. यूट्यूबची यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवून पाहते आणि आरतीसारखी हजारो वेळा रेकॉर्ड झालेली रचना तिला फसवते. अशा वेळी घाबरून व्हिडिओ काढू नका. हरकत नोंदवा आणि “पारंपरिक रचना, पारंपरिक चाल, आमचं स्वतःचं रेकॉर्डिंग” असं तीन ओळींत लिहा. क्लेम आणि स्ट्राइक यांत फरक आहे. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे दुसरीकडे वळतात. स्ट्राइक, म्हणजे ताकीद, चॅनलवर बसतो, आणि नव्वद दिवसांत तीन बसले तर चॅनलच जाऊ शकतं.

जुनी गाणी मुक्त कधी होतात?

शब्द आणि चाल : कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. रेकॉर्डिंग : प्रकाशित झाल्यापासून साठ वर्षं, मोजणी तशीच.

गदिमा १४ डिसेंबर १९७७ ला गेले. त्यांच्या शब्दांचा हक्क ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत आहे. सुधीर फडके २९ जुलै २००२ ला गेले, त्यांच्या चालींचा हक्क ३१ डिसेंबर २०६२ पर्यंत. म्हणजे या दोघांनी मिळून केलेल्या गाण्याचे शब्द आधी मुक्त होतील आणि चाल त्यानंतर पंचवीस वर्षांनी. १९६० साली निघालेल्या तबकडीचा, म्हणजे रेकॉर्डिंगचा हक्क २०२० अखेर संपला. पण त्यातली चाल फडक्यांची असेल तर ती तबकडी तुम्ही बिनधास्त वापरू शकत नाही. “साठ वर्षं झाली की सगळं मोकळं” हे म्हणूनच अर्धवट खरं आहे.

बहिणाबाईंचं उदाहरण यापेक्षा वेगळं आहे. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि त्यांचा कवितासंग्रह १९५२ साली छापून आला. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या साहित्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे त्या संग्रहातल्या ओव्या २०१२ अखेर सगळ्यांच्या झाल्या. त्यांना स्वतःची नवी चाल लावा, कुणाची परवानगी लागत नाही. मात्र रेडिओवर ऐकलेली चाल हवी असेल तर त्या संगीतकाराचा किंवा वारसांचा विचार करावाच लागेल.

ही मुदत पूर्वी पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांचे हक्क १९९१ अखेर संपायला आले तेव्हा ती साठ करण्यात आली.

कंपनीने एकरकमी पैसे दिले, सही घेतली. आता माझा हक्क संपला का?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा आणि मला सगळ्यांत जवळचा प्रश्न हाच.

१९९८ साली एका कॅसेट कंपनीसाठी मी आठ भक्तिगीतांना चाली लावल्या. दीड हजार रुपये मिळाले आणि स्टँपपेपरवर एक पान लिहून घेतलं गेलं : “सर्व हक्क कायमचे दिले.” त्या वेळी दीड हजार मोठे वाटले होते, आणि आपली कॅसेट बाजारात येणार याचाच आनंद जास्त होता. काही वर्षांनी एका नातेवाइकाला फोन लावला तर रिंगच्या जागी माझीच चाल ऐकू आली. कॉलर ट्यून. त्यांनी फोन उचलला तरी मला बोलता येईना. चाल माझी, पैसे दर महिन्याला कापले जात होते आणि त्यातला एक रुपयाही माझ्याकडे येणार नव्हता. १९९८ च्या कागदात ‘कॉलर ट्यून’ हा शब्द नव्हता, असणारही कसा, पण ‘सर्व’ आणि ‘कायमचे’ हे दोन शब्द होते.

असं झालेला मी एकटा नाही. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या कमाईतला वाटा, मिळावी म्हणून आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं, आणि त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सिनेमासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकांना काहीच हक्क नाही याकडे लक्ष वेधलं होतं. कलाकारांचे हक्क कायद्यात यायला पुढे १९९४ उजाडलं.

खरा बदल २०१२ च्या दुरुस्तीने झाला. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी बोलले होते. २१ जून २०१२ पासून गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा काढून घेता येत नाही. तुम्ही स्वतः सही करून तो सोडलात तरी तो सुटत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (हक्कदारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच) देता येतो. सिनेमातलं गाणं असेल तर थिएटरात सिनेमा दाखवण्याचे पैसे यात धरत नाहीत. बाकी रेडिओ, टीव्ही, स्ट्रीमिंग, हॉटेलात वाजवणं, या सगळ्यात वाटा आहे. गायकांनाही व्यावसायिक वापरातली रॉयल्टी त्याच दुरुस्तीने मिळाली.

दुसरं तितकंच मोलाचं कलम : करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेलं किंवा व्यापारात नसलेलं माध्यम करारात नाव घेऊन लिहिलेलं नसेल, तर त्या माध्यमापुरते हक्क जात नाहीत. म्हणून उद्या तुमच्यापुढे “आज माहीत असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत” असं छापलेला कागद आला, तर पेन खाली ठेवा आणि विचारा.

माझा कागद त्या दुरुस्तीच्या चौदा वर्षं आधीचा. तुमचा नंतरचा असेल तर तो आज रात्री कपाटातून काढून वाचा.

मग कागदावर काय लिहून घ्यायचं?

स्टुडिओत पेटीच्या झाकणावर मी कोऱ्या छापील पानांचा गठ्ठा ठेवतो. रेकॉर्डिंगच्या आधी भरायचं, नंतर नाही. गाणं चाललं की आठवणी बदलतात. त्यात एवढंच असतं :

गाण्याचं नाव आणि पहिली ओळ. शब्द कुणाचे, किती टक्के. चाल कुणाची, किती टक्के. रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला, मालकी कुणाची. कुठल्या माध्यमांसाठी. किती वर्षांसाठी. कुठल्या प्रदेशासाठी. किती पैसे, कधी. सगळ्यांच्या सह्या, तारीख.

मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहायचा राहिला तर भारतापुरता धरतो. दुबईत किंवा न्यू जर्सीत मराठी मंडळात तुमचं गाणं वाजतं, तेव्हा ही दुसरी ओळ कामाला येते. कंपनीने हक्क घेऊन गाणं नुसतं ठेवून दिलं आणि वर्षभरात वापरलंच नाही, तर करारात वेगळं लिहिलेलं नसेल तेव्हा हक्क परत येतात.

वाटणीवरून वाद होईल म्हणून लोक हे पान टाळतात. दोन भाऊ माझ्यासमोर या पानावरून पंधरा मिनिटं वाद घालून शेवटी साठ-चाळीसवर आले आणि मग आत जाऊन छान गायले. तो वाद गाणं चालल्यावर झाला असता तर कोर्टात गेला असता.

कॉपीराइट नोंदवावाच लागतो का?

नाही. गाणं तयार झालं की हक्क आपोआप येतो. नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी. संगीतरचनेसाठी ५०० रुपये, रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये शुल्क आहे, अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी महिनाभर थांबावं लागतं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते बंद ठेवणं म्हणजे नोंदणी नव्हे.

यूट्यूबवरून एमपी३ काढून घेतलं तर ती चोरी का?

सरळ सांगतो. यूट्यूबच्या अटींमध्ये त्याच्या स्वतःच्या ऑफलाइन सोयीशिवाय गाणं उतरवून घ्यायला परवानगी नाही, म्हणजे अट तर मोडतेच. कायद्यात खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची सूट आहे, पण ती बेकायदा साइटवरून हजार गाणी भरून घेण्यासाठी आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. एकट्याने मोबाइलवर ऐकणाऱ्याच्या दारात पोलीस येत नाहीत, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण तेच गाणं तुम्ही टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकलंत, पेन ड्राइव्हवर विकलंत, रीलला लावून जाहिरात केलीत, की गोष्ट बदलते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे.

एस. टी. स्टँडाजवळच्या मोबाइलच्या दुकानात “मेमरी कार्ड भरून मिळेल” अशी पाटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वीस रुपये दिले की दुकानदार लावणी, भक्तिगीतं, नवे पिक्चर असे फोल्डर माउसने ओढून टाकायचा. एकदा माझ्यासमोर ‘भक्ती’ नावाचं फोल्डर ओढलं गेलं आणि यादीत आमच्याच तालुक्यातल्या एका बाईंचं गाणं दिसलं. त्या बाई रेकॉर्डिंगच्या पैशांसाठी शेळी विकून आल्या होत्या. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्या फाइलच्या मागे कोण आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगत असतो.

पूर्वी कॅसेटला पैसे मोजत होतो. गाणं फुकट झालं कसं?

कॅसेटच्या किमतीत प्लास्टिक, छपाई, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन असं सगळं होतं. गाण्याची फाइल झाली तेव्हा हे सगळं गळून पडलं, आणि लोकांना वाटलं की किंमतच गळून पडली. अमेरिकेत १९९९ साली नॅपस्टर आलं आणि एकाच्या संगणकातलं गाणं दुसऱ्याला मिळू लागलं. २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशांनंतर ते बंद पडलं. २००३ मध्ये ॲपलने एक गाणं ९९ सेंटला विकायला सुरुवात केली. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं एमपी३ चं दुकान काढलं. थोडे रुपये देऊन गाणं विकत घ्यायचं आणि कायमचं आपलं. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. तेवढे रुपये जास्त नव्हते, पण शेजारच्या साइटवर तेच गाणं शून्याला होतं आणि छोटी रक्कम ऑनलाइन भरणं तेव्हा कटकटीचं होतं.

त्यानंतर गाणं विकत घ्यायची गोष्ट संपली आणि ऐकण्याची वर्गणी आली. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा महिन्याला ११९ रुपये होते, आणि जाहिराती ऐकत फुकटही चालत होतं. तेव्हा ‘फुकट’ म्हणजे पैसे नाहीतच असं नव्हे, ते जाहिरातदार देतो. परवानगी असलेल्या ॲपवर फुकट ऐकलंत तरी गाणाऱ्याच्या खात्यात काहीतरी पडू शकतं. ढापलेल्या साइटवर ऐकलंत तर जाहिरातीचे पैसे त्या साइटवाल्याला मिळतात आणि गाणाऱ्याला काही नाही. माझ्या लेखी फरक एवढा साधा आहे.

सरकार रॉयल्टीचा दर ठरवून देत नाही का?

रेडिओ-टीव्हीसाठी कायद्यात तशी सोय आहे, कलम ३१ड. इंटरनेटवरच्या ॲपना ती लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक (तेव्हाचं गाण्यांचं ॲप) या प्रकरणात २०१९ मध्ये ठरवलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. त्यामुळे ॲप आणि कंपनी यांचा दर वाटाघाटीतून ठरतो.

एकदा ऐकलं की मला किती पैसे?

ठरलेला दर नसतो. महिन्याच्या वर्गण्या आणि जाहिराती यांचा एक गल्ला जमतो, त्यातला मोठा हिस्सा हक्कदारांसाठी बाजूला निघतो आणि एकूण ऐकण्यात तुमचं ऐकणं किती, त्या प्रमाणात वाटला जातो. नुसतं गणित म्हणून समजा : गल्ल्यात एक कोटी रुपये, एकूण ऐकणं दहा कोटी वेळा. म्हणजे एका ऐकण्याला दहा पैसे. तुमचं गाणं वीस हजार वेळा ऐकलं गेलं तर दोन हजार रुपये. ते आधी रेकॉर्डिंगच्या मालकाकडे आणि वितरकाकडे (गाणं ॲपवर पोचवणाऱ्याकडे) जातात, मग तुमच्याकडे. मालक तुम्हीच असाल तर मधला एक हात कमी होतो. खर्च स्वतः करून रेकॉर्डिंगची मालकी स्वतःकडे ठेवा असं मी तरुण मुलांना सांगतो, ते याचसाठी.

स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा तरी न ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. नव्या कलाकाराला हा उंबरठा जाचतो आणि मला तो अन्यायाचा वाटतो. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं जाणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज.

शब्द आणि चाल यांचे पैसे वेगळ्या वाटेने येतात. त्यासाठी गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं सदस्य व्हावं. ही त्यांची कॉपीराइट सोसायटी, १९६९ पासूनची, मुंबईची. गायकांसाठी २०१३ मध्ये इस्रा नावाची तशीच संस्था निघाली. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाणं नोंदवायचं असतं. सदस्य झालो आणि गाणी नोंदवलीच नाहीत, असे कितीतरी जण मला भेटतात.

गणपतीत आणि लग्नात गाणी वाजवायला पैसे द्यायचे का?

खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवलं किंवा गायलं तर उल्लंघन होत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात धरलेले आहेत. केंद्र सरकारनेही २४ जुलै २०२३ ला तसं जाहीर केलं. पण वाद मिटलेला नाही. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच अर्थाचं परिपत्रक काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. मांडवातली आरती, हळद, वरात यांची मी काळजी करणार नाही. तिकीट लावून मंडळाने ठेवलेला ऑर्केस्ट्रा मात्र विधी नव्हे, तिथे परवाना घ्या. सोसायटीच्या हॉलमध्ये रहिवाशांनी मिळून गाणी ऐकली तर अडचण नाही.

तीस सेकंद वापरलं तर चालतं ना?

नाही. असा कुठलाही सेकंदांचा नियम कायद्यात नाही. “क्रेडिट दिलंय” म्हणूनही परवानगी मिळत नाही.

कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतःच्या आवाजात, गाऊन टाकायचं असेल तर?

कायद्यात कव्हरची वाट आहे, पण मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झाल्यावर, आगाऊ रॉयल्टी भरून, आणि वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशेबाने. एकट्या गायकाला ती परवडत नाही, आणि ती फक्त ध्वनिमुद्रणापुरती आहे, व्हिडिओ तिच्यात बसत नाही. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या व्हिडिओ राहू देतात आणि जाहिरातीचे पैसे स्वतःकडे घेतात. ते मान्य असेल तर गा. शक्य असेल तिथे चिठ्ठी लिहून परवानगी मागा. छोट्या संगीतकारांना विचारलं की ते आनंदाने हो म्हणतात, हा माझा अनुभव.

माझं गाणं दुसऱ्यानेच टाकलंय. काय करू?

आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. मग त्या साइटला लेखी तक्रार द्या : गाणं कुठलं, हक्क तुमचा कसा, लिंक कुठली. नियमांप्रमाणे छत्तीस तासांच्या आत त्यांनी ते थांबवायचं असतं. मात्र एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू होऊ शकतं. पेटीच्या झाकणावरचं ते पान इथे बाहेर काढायचं.

एआयने माझा आवाज उतरवला तर?

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजीत सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांना अंतरिम मनाई केली. आवाज हा त्या माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे, हा त्यामागचा विचार. नवीन करारात “आवाजावरून यंत्र शिकवण्याचा हक्क दिलेला नाही” ही ओळ घालायला मी आता सगळ्यांना सांगतो.

मला माझं गाणं फुकटच द्यायचं आहे. देता येतं का?

हो, आणि तो तुमचाच हक्क आहे. एका भजनी मंडळाच्या बुवांनी अकरा रचना रेकॉर्ड केल्या आणि म्हणाले, “ज्याला गायच्यात त्याने गाव्यात, पैसे नकोत.” आम्ही तेही लिहून काढलं. कुणीही गावं, वाटावं, पण रचनाकाराचं नाव द्यावं आणि विकू नये. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या संस्थेचे असे वाटून द्यायचे तयार परवाने असतात, त्यातला नाव द्या आणि व्यापार नको हा घेतला. कागद केला नसता तर उद्या कुणी दुसऱ्याने त्या रचना स्वतःच्या नावावर टाकून बुवांच्याच मंडळावर क्लेम लावला असता. बुवांना सही करता येत होती, पण त्यांनी पानाच्या खाली आधी ‘रामकृष्ण हरी’ लिहिलं आणि मग नाव.